मोडणीचा आवाज: खासबागेतल्या दोन मागांच्या नोंदी

९ मे

विणकर अण्णांनी होकार दिला. बेळगावच्या खासबागेत त्यांच्या घरामागच्या शेडमध्ये दोन यंत्रमाग उरलेत. बाकीचे काही २०१९ च्या पुरात पाणी शिरल्यावर गेले, काही लॉकडाऊननंतर. हे दोन आषाढ संपायच्या आत भंगारात द्यायचं त्यांनी ठरवलंय. तोवर माग चालतील. चालताना, बंद पडताना, मोडताना जो आवाज होईल तो आम्ही टिपायचा. शेवटी त्याच शेडमध्ये मोजक्या लोकांसमोर मागाची मोडणी, हाच प्रयोग. वेगळं वाद्य नाही, वेगळा मंच नाही.

आम्ही म्हणजे मी, उद्यमबागेत वेल्डिंग करणारा माझा मित्र आणि कॅमेरा सांभाळणारी धाकटी बहीण.

हे कशासाठी, ते आधीच लिहून ठेवतो. नॉइझ संगीत, म्हणजे गोंगाटालाच संगीत मानणारा प्रकार, मी मनापासून ऐकतो. मर्झबाउ या जपानी नॉइझ कलाकाराची रेकॉर्ड लावली की सुरुवातीला नुसता मारा वाटतो, मग कान आत शिरतो आणि त्या लोंढ्यात थर दिसायला लागतात. पण बेळगावात हे कुणाला ऐकवायचं? इथला कान ख्यालावर पोसलाय. कुमार गंधर्व जन्मले ते सुळेभावी गाव इथून जवळच आहे. या कानाला जपानमधली रेकॉर्ड लावून चकित करण्यात मला रस नाही. दुसरा एक कान मात्र या गावात आहे, ज्याची कुणी दखल घेत नाही. वडगाव, शहापूर, खासबाग इथली माणसं पिढ्यानपिढ्या मागाच्या खटखटीत जेवली, झोपली, भांडली, अभ्यास करून पास झाली. त्यांनी जेवढा नॉइझ ऐकलाय तेवढा माझ्यासारख्या हौशी माणसाला जन्मात ऐकायला मिळणार नाही. त्यांच्या कानाला काय काय कळतं, ते मला ऐकायचंय.

१५ मे

सामान जमवलं. बझरमध्ये असतात त्या २७ मिलिमीटरच्या पितळी पायझो चकत्या, शिल्डेड वायर, रेकॉर्डर, फोमचे कानबोळे. चकती हवेतला आवाज जवळजवळ ऐकत नाही. जिला चिकटवली त्या वस्तूचं थरथरणं ऐकते. पण पायझोला पुढं किमान एक मेगाओमचा इनपुट लागतो, नाहीतर खालचा सगळा आवाज गळतो आणि हाती किणकिण उरते. मागाचा जीव खालच्या आवाजात आहे, म्हणून मित्रानं एफईटी ट्रान्झिस्टरचा छोटा प्रीअँप (बारीक सिग्नल जोरकस करणारं सर्किट) जोडून दिला. चकत्यांवर नेलपॉलिशचे दोन हात दिले, म्हणजे पावसाळी हवेत शॉर्ट होत नाहीत.

तेलकट बिडावर, म्हणजे ओतीव लोखंडावर, गोंद धरत नाही. थिनरनं पुसून, मध्ये चामड्याचा तुकडा घालून, छोट्या सी-क्लॅम्पनं आवळलं की चकती हलत नाही. चामडं अण्णांकडच्या जुन्या पिकरचं, म्हणजे मागातल्या फटका मारणाऱ्या भागाचं.

२२ मे

पहिलं नीट ध्वनिमुद्रण. डाव्या मागावर जेकार्डची (नक्षी विणणाऱ्या जोडयंत्राची) साडी चढवलेली, उजवा साधा.

मागाच्या एका ठोक्यात तीन आवाज आहेत. पिकर धोट्याला, म्हणजे आडवं सूत इकडून तिकडं नेणाऱ्या तुकड्याला, फटका मारतो तो पहिला. धोटा पलीकडच्या पेटीत जाऊन आदळतो तो दुसरा. फणी पुढं येऊन बाणा, म्हणजे ते आडवं सूत, ठोकते तो तिसरा. बोळातून जाताना तिन्ही मिळून एकच खटखट ऐकू येते. एक चकती धोट्याच्या पेटीवर, एक फणीच्या चौकटीवर आणि एक खाली बिडाच्या पायावर लावली की ते सुटे होतात. पायावरची चकती सगळ्यात चांगली निघाली. तिच्यात फटका नाहीच, फक्त जमिनीत उतरणारा दाब आहे.

डावा माग मिनिटाला ११८ ठोके, उजवा १२१. फरक तीनचा, म्हणून दर वीस सेकंदांनी दोघे एका ठोक्यावर येतात, क्षणभर एकच मोठा माग चालल्यासारखं होतं आणि मग ते पुन्हा फाकतात. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइशला १९६५ मध्ये दोन टेप यंत्रांवर एकच तुकडा फिरवताना हे सरकणं सापडलं आणि त्यातून संगीताची एक मोठी वाट निघाली. इथं शेजारीशेजारी दोन माग चालले की ते कुणी न ठरवता होतंच.

आजची खरी नोंद पुढची. रेकॉर्डिंग चालू असताना अण्णा बाहेर अंगणात चहा घेत बसलेले. मध्येच कप खाली ठेवून म्हणाले, "उजव्याचा पट्टा घसरूलालाय." आत गेले, मोटर बंद केली, पट्ट्यावर राळ मारली, चालू केलं, परत येऊन कप उचलला. घरी येऊन फाइल उघडून मोजली. त्या मिनिटात उजवा माग १२१ वरून ११७ वर आलेला. भिंतीपलीकडून, दोन माग एकत्र चालू असताना, चार ठोक्यांचा फरक आणि तो कुठल्या मागाचा हेही त्यांनी ओळखलं.

इटलीच्या लुइजी रुस्सोलोनं ११ मार्च १९१३ ला आवाजांच्या कलेचा जाहीरनामा लिहिला. कारखाने, ट्राम, मोटारी यांचा आवाज म्हणजे नव्या काळाचं संगीत, असं त्याचं म्हणणं. त्यासाठी त्यानं घरघर, शिट्टी, कडकडाट काढणाऱ्या पेट्या बनवल्या आणि १९१४ मध्ये मिलानमध्ये वाजवून दाखवल्या. शंभर वर्षांपूर्वी हे सुचणं मोठीच गोष्ट आहे, आणि त्या पेट्या नंतर हरवल्या याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण रुस्सोलो चित्रकार. यंत्राबाहेर उभं राहून त्यानं यंत्रावर प्रेम केलं. यंत्रासमोर रोज दहा-बारा तास उभ्या असलेल्या माणसाला काय ऐकू येतं, हे त्या जाहीरनाम्यात नाही.

३० मे

वळिवानं करंट गेला, काम बंद. त्या वेळात मोडणी कशी करायची यावर आमची चांगलीच जुंपली.

मित्राचं मत: घण. चार कोपऱ्यांत चार चकत्या, समोर लोक, आणि घण घालून माग फोडायचा. त्याच्या बाजूनं मोठी परंपरा आहे. राफाएल ओर्टिझ या कलाकारानं १९६६ मध्ये लंडनला कुऱ्हाडीनं पियानो फोडला. ३ जानेवारी १९८४ ला लंडनच्याच आयसीए या कलासंस्थेत आइनश्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन या जर्मन बँडच्या मंडळींनी ड्रिल आणि काँक्रीट मिक्सर घेऊन मंचच फोडायला घेतला, तेव्हा तिथल्या लोकांना कार्यक्रम आवरावा लागला. १९८५ मध्ये टोकियोत हानाताराश या नॉइझ बँडच्या यामात्सुका आयनं बॅकहो, म्हणजे आपल्याकडचा जेसीबी, थेट हॉलमध्ये घुसवला. इजा झाली तर जबाबदारी आमची, असं प्रेक्षकांकडून आधीच लिहून घेतलं होतं. मित्र म्हणतो, त्या वेडात एक खरेपणा आहे, आणि माग काय, तसाही भंगारातच चाललाय.

खरेपणा आहे, मला मान्य. पण पियानो फोडणारा माणूस ज्या घरात पियानो असतो त्या घराच्या रुबाबावर घाव घालत होता. मागावर घण घातला तर तो कुणावर पडतो? अण्णांच्या दोन मुलींची लग्नं या दोन मागांवर झालीत.

धाकटीनं वेगळाच मुद्दा काढला. बिडाचे तुकडे उडतात, आणि बंद शेडमध्ये लोक बसलेले असताना घण चालवणं तिला मान्य नाही. हा मुद्दा एकदम पटला. तरी वाद मिटला नाही, कारण तो सुरक्षेपुरता नव्हताच.

६ जून

काकूंचा कान.

अण्णांच्या घरच्या काकू कांड्या भरतात, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या कांड्यांवर सूत गुंडाळतात, लग्न होऊन आल्यापासून. त्यांच्याशी बोलताना त्या तोंडाकडं बघतात. कुकरची शिट्टी त्यांना ऐकू येते, पण 'सात' आणि 'हात' यांत गोंधळ होतो. नातवंडं बारीक आवाजात बोलली की त्या नुसतं हसतात.

आवाजानं कान जातो तो साधारण ४,००० हर्ट्झच्या आसपास आधी जातो. 'स', 'श', 'फ' यांचा सगळा कस वरच्या भागात असतो, म्हणून आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाही. आज मीटर लावला: दोन्ही माग चालू, कांडीच्या यंत्राजवळ काकूंच्या कानाच्या उंचीवर ९६ डेसिबल. कारखान्यांच्या नियमांत वर्षानुवर्षं चालत आलेली मर्यादा अशी: ९० डेसिबलला आठ तास, ९५ ला चार, १०० ला दोन. दोन मागांच्या घरगुती शेडला ते नियम लागूच होत नाहीत.

नॉइझच्या कार्यक्रमात आवाज अंगावर सोडायची एक प्रथाच आहे. श्रोत्याला हादरवायचं, पळ काढायला लावायचं. श्रोता तिकीट काढून, कानात बोळे घालून येतो आणि तासाभरानं घरी जातो. काकूंना घरी जायची सोय नव्हती, घर तिथंच होतं. हे बघितल्यावर एक निर्णय लगेच घेतला आणि दोघांनीही मान्य केला: प्रयोगात स्पीकरचा आवाज कुठल्याही क्षणी ८० डेसिबलच्या वर जाणार नाही. मागापेक्षा हळू. लोकांनी पुढं वाकून ऐकावं.

काकूंचं आणखी एक. माग चालू असताना त्या जाता-येता पुढच्या दांड्यावर तळहात टेकवतात. विचारलं तर म्हणाल्या, "हाताला कळतंय की, नीट चाललाय का नाही." आमच्या पितळी चकत्या जे करतात तेच, आणि त्याला प्रीअँप लागत नाही.

१४ जून

आज संध्याकाळी अण्णांना गुस्ताव मेत्झगर या कलाकाराबद्दल सांगितलं. न्यूरेंबर्गमधला ज्यू मुलगा, १९३९ मध्ये ज्यू मुलांना वाचवायला सोडलेल्या आगगाडीतून इंग्लंडला पोचला म्हणून वाचला, आईवडील नाझींनी मारले. त्यानं १९५९ मध्ये स्वतःचा नाश स्वतः करणाऱ्या कलेचा जाहीरनामा लिहिला, आणि १९६१ च्या जुलैत लंडनला नदीकाठी नायलॉनचं कापड ताणून त्यावर ॲसिड फवारलं. कापड विरत गेलं आणि पलीकडचं शहर दिसायला लागलं. अणुबाँबच्या काळात माणूस काय करून ठेवतोय ते त्याला डोळ्यांसमोर दाखवायचं होतं. या सगळ्या परंपरेत मला सगळ्यात जवळचा वाटतो तो हाच माणूस, कारण नाश म्हणजे काय हे त्याला घरातूनच माहीत होतं.

अण्णांनी शांतपणे ऐकलं. त्यांचा पहिला प्रश्न: ते कापड विणलं कुणी, आणि त्याला सांगितलं होतं का?

मग घणाचा विषय मीच काढला. अण्णा उठून मागाजवळ गेले आणि बोटानं एकेक नट दाखवत गेले. "ह्यो माग मीच जोडलाय बाळ. इचलकरंजीस्नं सुटा आणला, हितं बसून जोडला. जसा जोडला तसा खोलतो. हातोडा कशाला मारूलासा? नट हाईत की."

वाद तिथं मिटला. मोडणी अण्णा करणार, पान्यानं, जोडणीच्या उलट्या क्रमानं. आम्ही चकत्या लावायच्या आणि गप्प बसायचं. मित्रालाही पटलं, आणि त्यानं दिलेलं कारण माझ्या कारणापेक्षा चांगलं आहे: घणाचा आवाज सगळीकडं सारखाच, या मागाच्या या नटाचा आवाज दुसरीकडं मिळणार नाही.

मला यातून एक कसोटी मिळाली, पुढच्या कामांनाही ती लावणार आहे. जो वस्तू मोडतोय त्याला त्या वस्तूचा आवाज ओळखता आला पाहिजे. नाहीतर मोडणं नुसता देखावा होतो, आणि देखाव्याला चकत्या लावून काही मिळत नाही.

८ जुलै

वडगावच्या मंगाईची यात्रा तोंडावर आली आहे. वार पाळतात त्या दिवशी अण्णांनी माग सुरू केला नाही. शेड पूर्ण गप्प. आम्ही त्या गप्प शेडचंही रेकॉर्डिंग केलं: पत्र्यावर पाऊस, शेजारच्या गल्लीतला दुसऱ्या कुणाचा तरी माग, आणि चकत्यांत सतत ५० हर्ट्झची गुणगुण. ही गुणगुण काढून टाकायचं सॉफ्टवेअर आहे. काढणार नाही, मोटर चालायची ती याच करंटवर.

त्याच दिवशी एका गंजलेल्या बोल्टवर पाना घालून बघितला. थेंबभर डिझेल सोडून, थांबून, मग जोर. बोल्ट किंचाळला. रेकॉर्डिंग ऐकताना अंगावर काटा आला. गंजलेले दोन पृष्ठभाग एकमेकांना धरतात, ताण वाढला की सुटतात, पुन्हा धरतात. सेकंदाला शेकडो वेळा. सारंगीचा गज तारेवर हेच करतो. गजाला राळ लागते ती धरण्यासाठी, इथं गंज ते काम करतो. जोर कमी-जास्त केला की सूर वर-खाली सरकतो, आणि अण्णांच्या मनगटात ती जाण आहे. बोल्ट तुटू नये म्हणून ते जोर मोजून लावतात. त्यामुळे जी मिंड निघते ती आम्ही कितीही ठरवून काढली नसती.

निमंत्रणं छापली, मराठीत आणि कन्नडमध्ये. या बोळात निम्मी घरं घरात कन्नड आणि बाजारात मराठी बोलतात, निम्मी उलट. एका भाषेत छापण्याचा प्रश्नच नव्हता.

२० जुलै

प्रयोग झाला. लगेच लिहून काढतोय.

संध्याकाळी पाचला सुरू केला, दिवसाउजेडी, शेजाऱ्यांना विचारून. पाऊस होता. बोळातली माणसं, अण्णांच्या ओळखीचे दोन जुने जॉबर (माग दुरुस्त करणारे), कॉलेजची काही मुलं, ख्यालाच्या बैठकींना भेटणारे एक-दोन जण. बसायला सतरंजी, चार कोपऱ्यांत चार स्पीकर.

आधी दोन्ही माग चालवले. अण्णांनी उजवा बंद केला. मग डावा एकटाच. साडीचा पदर अर्धा विणून झालेला होता. अण्णांनी दांडा ओढला आणि माग थांबला. थांबताना तो एकदम थांबत नाही. मोटर सुटते, चाक आपल्या वजनानं आणखी दोन फेऱ्या घेतं, फणी अर्ध्यावर येऊन परत मागं जाते. पायावरच्या चकतीत तो शेवटचा दाब फार सुंदर आला आहे.

विणलेला भाग अण्णांनी आधी सोडवून काकूंकडं दिला. तो कापायचा नाही, हे ठरलेलं. मग काकूंनी कात्री घेतली. बीमवर, म्हणजे मागाच्या रुळावर, हजारो ताणे (उभी सुतं) ताणलेले. त्यांनी मूठभर ताणे डाव्या हातात धरले, ओढून घट्ट केले आणि कात्री घातली. भाताच्या पेंढीवर विळा चालावा तसा आवाज, आणि त्यामागोमाग चौकटीत एक बारीक कुरकुर, कारण एवढ्या ताणाची सवय झालेलं लाकूड सैल होत होतं. पुन्हा मूठ, पुन्हा कात्री. डावीकडून उजवीकडं जाईपर्यंत ती कुरकुर खाली खाली येत गेली. समोर बसलेल्या बायकांपैकी एकीनं डोळ्यांना पदर लावला. काकू मात्र कामात होत्या. कापलेले ताणे गुंडाळून त्यांनी पिशवीत भरले, सूत वाया कशाला घालवायचं.

पुढचं सगळं अण्णांचं. वही (ताणे वर-खाली करणारी चौकट), फणी, वरचा जेकार्ड, धोट्याच्या पेट्या, पिकरच्या काठ्या, क्रँक. प्रत्येक भाग सुटला की उरलेल्या चौकटीचा आवाज बदलत होता. फणीची जड चौकट निघाल्यावर सगळा माग हलका आणि पोकळ वाजायला लागला. एका नटाला पाना धरेना, तेव्हा जुन्या जॉबरांपैकी एक जण सतरंजीवरून उठला, चप्पल घातली, दुसऱ्या बाजूनं पाना लावून उभा राहिला. कुणी बोलावलं नव्हतं. तिथून पुढं दोघांनी मिळून खोललं, आणि त्यांचं आपसातलं बोलणं, "धर", "सोड", "हं, आला", हे सगळं चकत्यांत बिडातून झिरपून आलंय. शब्द कळत नाहीत, माणसं कळतात.

पाऊण तासात संपेल असा अंदाज होता. कामाला लागायचा तेवढा वेळ लागला, आणि कुणी उठलं नाही.

शिल्पकार ज्याँ टिंग्लीनं १७ मार्च १९६० ला न्यूयॉर्कच्या मोमा या कलासंग्रहालयाच्या बागेत स्वतःला मोडून घेणारं यंत्र चालवलं होतं. सत्तावीस मिनिटांत ते पेटलं आणि अग्निशामकांना विझवावं लागलं. त्यातलं धाडस मला आवडतं. पण ते यंत्र मोडण्यासाठीच बनवलेलं. हा माग टिकण्यासाठी बनवलेला होता आणि टिकलाही. त्याच्यात मोडण्यासारखं आतून काहीच बिघडलेलं नव्हतं. मोडला तो साडीचा भाव, सुताचा भाव आणि विजेचं बिल यांच्यामध्ये. ही गोष्ट प्रयोगात बोलून दाखवली नाही. नट खोलताना प्रत्येक नट नीट सुटत होता, त्यातून ती ज्याला ऐकायची त्यानं ऐकली.

२४ जुलै

भंगारवाल्या चाचांच्या आवारात. घण अखेर इथं भेटला, आणि इथं तो हवाच. मागाच्या दोन्ही बाजूंच्या बिडाच्या चौकटी अख्ख्या भट्टीच्या तोंडात मावत नाहीत.

चाचा आधी हातोडीनं टकटक करत चौकटीवरून फिरले. कुठं आधीच बारीक चीर आहे ते आवाजावरून शोधतात. चीर असेल तिथं आवाज फुटका येतो. मग नेमकं तिथं घण. एका घावात चौकट दुभंगली.

फुटायच्या आवाजाला शेपूटच नाही. पोलादावर घाव घातला की झंकार मागं रेंगाळतो. करड्या बिडात ग्राफाइटच्या पातळ पापुद्र्या असतात, त्या थरथर गिळून टाकतात. यंत्रांचे पाये बिडाचे करतात त्याचं हेही एक कारण. म्हणजे जो माग जोडीदारासोबत शेडमध्ये ९६ डेसिबल काढायचा, त्याच्या अंगातलं बीड तेव्हाही आवाज गिळतच होतं. फुटतानाही त्यानं तेच केलं. मित्राला इथं थोडा रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, द्यावा वाटतो. मी देणार नाही. कोरडाच राहू दे.

७ ऑगस्ट

एका फौंड्रीत परवानगी मिळाली. पावसात भिजलेलं भंगार भट्टीत टाकत नाहीत. ओल असेल तर पाण्याची क्षणात वाफ होऊन वितळलेलं लोखंड उसळतं. म्हणून मागाचे तुकडे आधी भट्टीशेजारी वाळवले. तेवढा वेळ आम्ही भट्टीचंच ऐकत बसलो. इंडक्शन भट्टीची गुणगुण भरणा वाढेल, वितळेल तशी बदलत जाते. इथला कामगार त्यावरून आत काय चाललंय ते सांगतो.

मागाचं तेल लागलेले तुकडे आत पडले तेव्हा भडका उडाला. ओतकाम झालं, पंपाच्या बॉडीचे साचे. दुसऱ्या दिवशी साफ केलेल्या कास्टिंगवर एकानं हातोडी मारून पाहिली, ऐकलं, बाजूला ठेवलं. दुसऱ्यावर मारली, ऐकलं, नाकारलं. मला दोन्ही सारखेच वाटले. त्याला पुन्हा करायला लावलं, चकती लावून. फाइलमध्ये फरक दिसतो: नाकारलेल्याचा आवाज लवकर मरतो. चीर होती.

२३ ऑगस्ट

पहिलं मिक्स अण्णांच्या घरी ऐकवलं. बाहेर गणपतीसाठी झांजपथकाचा सराव चाललेला, म्हणून खिडक्या लावून.

अण्णांनी हेडफोन घातले आणि पहिल्याच मिनिटाला हात वर केला. धोट्याची पेटी उजवीकडून ऐकू येत होती. "पुढं उभारल्यावर ती डावीकडं ऐकू यायची." कॅमेरा मागच्या बाजूनं लावलेला, मी तीच बाजू धरली होती. स्टिरिओ उलटा केला, मागासमोर विणकर उभा राहतो त्या जागेवरून. पुढं एका ठिकाणी म्हणाले, इथं धोटा उशिरा पोचूलालाय, पिकर झिजलाय. तो भाग मी सर्वांत चांगला म्हणून निवडला होता, त्यातल्या लचकलेल्या तालासाठी. त्यांना तो ऐकवेना, कारण तो ऐकला की त्यांचा हात पान्याकडं जातो. बराच वेळ बोललो. तो भाग राहणार आहे, पण त्यानंतर अण्णांनी पिकर बदलल्यावरचा तुकडा जोडायचा, म्हणजे ताल सरळ झालेला ऐकू येईल.

काकूंनी हेडफोन नको म्हटलं. स्पीकरच्या लाकडी पेटीवर दोन्ही तळहात ठेवून बसल्या. ताणे कापायच्या भागात त्यांना फार काही लागलं नाही, माग थांबतो तिथं मात्र म्हणाल्या, "परत लाव." त्यासाठी खालच्या आवाजाचं एक वेगळं मिक्स करायचं ठरवलंय, १०० हर्ट्झच्या खालचंच, मोठ्या लाकडी पेटीतून, हात ठेवून ऐकण्यासाठी. बोळात मागावर कान गेलेली माणसं आणखी बरीच आहेत. त्यांना आधी बोलवायचं.

फौंड्रीचा भाग लांबलाय, त्यात मागाचं काही राहिलेलं नाही, असं अण्णांचं मत. माझं तसं नाही. त्यांना भट्टीशेजारी एकदा घेऊन जातो, मग ठरवू. मोटर चालू होते तेव्हाचा पट्ट्याचा घसरता आवाज मी कापला होता, तो त्यांच्या सांगण्यावरून परत जोडला. उजव्या मागाच्या फाइली अजून ऐकायच्या बाकी आहेत.